न मोजलेला मोसम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘फुटबॉल’ हे नाव एका निराळ्याच खेळाला दिलेले आहे. त्या खेळात दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू हातात घेऊन खेळाडू धावत सुटतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्या खेळाला तेथे ‘सॉकर’ असे म्हणतात. तेथील महाविद्यालयांतून हा सॉकरचा खेळ मुली मोठ्या हौसेने खेळतात. पहिल्या श्रेणीत गणल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत मुलींचे स्वतंत्र संघ आहेत. त्यांना क्रीडांगणे आहेत, प्रशिक्षक आहेत, वैद्यकीय साहाय्य आहे, आणि चांगल्या खेळाडूंना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही मिळतात.

या खेळाचा मुख्य मोसम म्हणजे शरद ऋतू. ऑगस्टच्या मध्यास सामने सुरू होतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर या महिन्यांत आठवड्यास दोन सामने खेळावे लागतात. नोव्हेंबरात निवडक ६४ संघांची बाद-पद्धतीची स्पर्धा भरते आणि अखेरचे चार संघ डिसेंबरच्या आरंभी अजिंक्यपदासाठी झुंजतात. झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन गळत असतात आणि इकडे दिव्यांच्या झगमगाटात, वाद्यांच्या गजरात हजारो प्रेक्षक आपापल्या महाविद्यालयाचा जयघोष करीत असतात. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, दूरचित्रवाणीवर सामने दिसतात, विजयाचे आकडे फलकावर चढतात. जगाला ठाऊक असतो तो हा मोसम.

परंतु याच संघांचा आणखी एक मोसम असतो. तो वसंतातला. त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानी जात नाही. त्यात होणारे सामने मोजके असतात आणि त्यांतील जय-पराजय अजिंक्यपदाच्या हिशेबात धरले जात नाहीत. कित्येकदा प्रेक्षक म्हणून खेळाडूंचे आईबाप व चार मित्रमैत्रिणी, एवढेच काय ते हजर असतात. मग ज्या सामन्यांचे मोल कोणी करीत नाही, ते सामने या मुली का खेळतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एखाद्या संघाच्या मागोमाग जानेवारीपासून मेपर्यंत चालत गेले पाहिजे.

जानेवारीत नाताळची सुटी संपते आणि महाविद्यालये उघडतात. संघाच्या खोलीत पाऊल टाकताच प्रथम जाणवते ती रिकामी जागा. चौथ्या वर्षाच्या बहुतेक मुलींचा खेळण्याचा काळ डिसेंबरातच संपलेला असतो. कालपर्यंत जी संघाची कर्णधार होती, ती आता पदवीच्या अभ्यासात किंवा नोकरीच्या शोधात गढलेली असते; क्वचित एखादी व्यावसायिक संघात जाते. उलट, माध्यमिक शाळेचा अभ्यास अर्धे वर्ष आधी आटोपून आलेल्या एक-दोन नव्या मुली बावरलेल्या चेहऱ्याने कोपऱ्यात उभ्या असतात. मधल्या मुलींना कळून चुकते, की आता मोठ्या बहिणींच्या सावलीत उभे राहण्याचे दिवस संपले. कोणीतरी पुढे व्हावयास हवे. ते कोणी, हे ठरविण्याचा काळ म्हणजे वसंत.

आरंभीचे काही आठवडे चेंडूपेक्षा शरीराचाच अभ्यास अधिक होतो. या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी जी राष्ट्रीय संघटना आहे, तिने विद्यार्थिनींच्या अभ्यासाची हानी होऊ नये म्हणून सरावाच्या तासांवर बंधन घातले आहे. मोसमाबाहेरच्या दिवसांत आठवड्याकाठी आठ तासांहून अधिक सराव घेता येत नाही. मोसमाच्या दिवसांत ही मर्यादा वीस तासांची असते, आणि आठवड्यातून एक दिवस पुरती विश्रांती द्यावीच लागते. तेव्हा जानेवारीतील ते थोडके तास फार जपून वापरावे लागतात. वजने उचलून मांड्यांचे, पोटऱ्यांचे व पाठीचे स्नायू बळकट केले जातात. धावण्याची परीक्षा होते. तिचा एक प्रकार तर मोठा गमतीचा आणि तितकाच कठोर आहे. २० मीटर अंतरावर दोन रेषा आखलेल्या असतात. यंत्रातून ‘बीप’ असा आवाज येतो, त्याबरोबर एका रेषेवरून निघावयाचे आणि पुढचा आवाज येण्यापूर्वी दुसरी रेषा गाठावयाची. दर मिनिटाला आवाजांमधले अंतर थोडेथोडे कमी होत जाते. पहिली काही मिनिटे सर्वजणी हसतखेळत धावतात. मग हसणे थांबते. मग एकेक मुलगी मागे पडू लागते. शेवटी दोघी-तिघी उरतात, आणि बाहेर पडलेल्या मैत्रिणी बाजूला उभ्या राहून त्यांना नावाने हाका मारून धीर देतात. येथे प्रतिस्पर्धी संघ नसतो. प्रत्येकीचा सामना असतो तो स्वतःच्या कालच्या आकड्याशी.

देश विशाल असल्यामुळे हा वसंत सर्वत्र एकसारखा नसतो. मिशिगन व मिनेसोटा या उत्तरेकडील राज्यांत मार्चपर्यंत मैदानावर बर्फ असते. म्हणून तेथील संघ छपराखालच्या प्रशस्त दालनांत सराव करतात. कॅलिफोर्नियात हिवाळी पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो आणि एरवी वाळून सोनेरी दिसणाऱ्या टेकड्या हिरव्यागार झालेल्या असतात. नॉर्थ कॅरोलायनात डॉगवुडची पांढरी फुले उमलतात आणि पाइन वृक्षांचे पिवळे पराग इतके उडतात, की मोटारींवर, बाकांवर आणि क्रीडांगणाच्या कडेला ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर त्यांचा थर बसतो.

ऋतू असा उमलू लागला, की चेंडूचा खरा अभ्यास सुरू होतो. शरदात एका सामन्याचा शीण जाईपर्यंत दुसरा सामना दारात उभा असतो. चुका दिसतात, पण त्या सुधारावयास सवड नसते. वसंतात ती सवड मिळते. पाच-सहा जणींनी वर्तुळ करून उभे राहावयाचे, मध्ये दोघींनी चेंडू हिसकावण्याची खटपट करावयाची आणि वर्तुळातील मुलींनी एकाच स्पर्शात चेंडू पुढे धाडावयाचा, असा एक लहानसा खेळ पुनःपुन्हा घेतला जातो. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून आजूबाजूचे मैदान पाहून ठेवण्याची सवय त्यातून लागते. उजव्या पायाने खेळणारी मुलगी महिनाभर डाव्या पायाचा अभ्यास करते. आघाडीला खेळणाऱ्या एखादीला प्रशिक्षक बचावफळीत उभी करतात. प्रथम तिला ते अवमानास्पद वाटते. पण आपल्यासारख्या चपळ मुलीला अडविताना किती दमछाक होते, हे त्या जागी उभे राहिल्यावरच तिला उमगते. शरदात असा प्रयोग फसला, तर सामना हातचा जाईल. वसंतात प्रयोग फसला, तर काही बिघडत नाही. चुकण्याची मोकळीक हीच या मोसमाची श्रीमंती होय.

या दिवसांत मैदानाच्या कडेला आणखी एक दृश्य दिसते. गुडघ्याला पट्टा बांधलेली एखादी मुलगी एकटीच हळूहळू पावले टाकीत असते. शरदाच्या सामन्यांत तिच्या गुडघ्यातील बंध तुटलेला असतो. ही दुखापत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींना अधिक प्रमाणात होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुन्हा मैदानात उतरावयास नऊ महिने वा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटे विशिष्ट व्यायाम करण्याची पद्धत आता पुष्कळ संघांनी स्वीकारली आहे. एका पायावर तोल सावरणे, उडी मारून उतरताना गुडघे किंचित वाकविणे, ते आत झुकू न देणे, असे हे साधेच व्यायाम आहेत. परंतु त्यांनी दुखापतींचे प्रमाण निश्चित घटते. जखमी मुलीचा वसंत मात्र सर्वांहून खडतर. आज गुडघा चार अंश अधिक वाकला, एवढाच तिचा विजय. त्या विजयाला टाळ्या वाजविणारे कोणी नसते. फार तर तिच्या शेजारी चालणारी एखादी मैत्रीण असते.

मार्च-एप्रिलमध्ये ते मोजके सामने होतात. पाच दिवस, फार तर त्याच्या आसपास. शेजारचे एखादे महाविद्यालय, कधी व्यावसायिक संघ, असे प्रतिस्पर्धी बोलाविले जातात. कधी कधी ४५ मिनिटांच्या दोन डावांऐवजी ३० मिनिटांचे तीन डाव खेळतात, जेणेकरून प्रत्येक मुलीला खेळावयास मिळावे. सामना संपला, की हार-जितीचा उल्लेख ओझरता होतो आणि चर्चा सुरू होते ती वेगळीच. अमकीने चेंडू गमावल्यावर किती लवकर मागे धाव घेतली? तमकीने मैत्रिणीला वेळेवर साद घातली की नाही? मे महिन्याच्या आरंभी वार्षिक परीक्षा येतात. मुली जोडे खुंटीला अडकवून ग्रंथालयाची वाट धरतात आणि वसंताचा मोसम गाजावाजा न होता संपतो.

या अदृश्य परिश्रमांचे फळ काय, हे सांगणारी एक घटना आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे अॅन्सन डोरान्स हे १९७९ पासून प्रशिक्षक होते. त्यांनी एक प्रथा पाडली होती. सरावातील प्रत्येक लहानमोठ्या चुरशीचा निकाल टिपून ठेवावयाचा आणि कोणती मुलगी कितव्या स्थानी आहे, हे सर्वांना दिसेल असे लावावयाचे. म्हणजे ज्या सरावाची जगात नोंद होत नाही, त्याची नोंद निदान त्या मुलींच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे राहावी. हे डोरान्स एका सकाळी मोटारीतून कामावर निघाले असता त्यांना एक मुलगी मैदानात एकटीच धावताना दिसली. ती वेगाने धावे, थांबे, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकी आणि पुन्हा धावे. तो सरावाचा दिवस नव्हता. कोणी तिला धावावयास सांगितले नव्हते. ती मुलगी म्हणजे मिया हॅम होती. डोरान्स यांनी तिला हाक मारली नाही. पुढे जाऊन त्यांनी तिला एक चिठ्ठी लिहिली. विजेती कशी असते, असे कोणी विचारले तर घामाने निथळलेली, थकून वाकलेली आणि आसपास पाहणारे कोणी नसताही न थांबणारी मुलगी आपल्या डोळ्यांसमोर येते, अशा आशयाचे ते शब्द होते.

मिया हॅमने १९८९, १९९०, १९९२ व १९९३ अशी चार वर्षे आपल्या विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. मधले १९९१ हे वर्ष ती विद्यापीठाकडून खेळली नाही. कारण त्या वर्षी चीनमध्ये भरलेल्या स्त्रियांच्या पहिल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत ती आपल्या देशाकडून खेळली, आणि ती स्पर्धा अमेरिकेने जिंकली. तिचे नाव जगभर झाले. तथापि त्या नावाचा पाया एका सुन्या मैदानात घातला गेला होता.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मुलींना हे मैदान सहजासहजी मिळालेले नाही. इंग्लंडमध्ये स्त्रियांचे सामने पाहावयास हजारो लोक लोटत असतानाच, १९२१ साली तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या क्रीडांगणांवर स्त्रियांना खेळू देण्यास बंदी केली, आणि ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. अमेरिकेतही माध्यमिक शाळांतील खेळांत भाग घेणाऱ्या मुलींची संख्या १९७१-७२ साली तीन लाखांच्याही आत होती. २३ जून १९७२ रोजी तेथे एक शिक्षणविषयक कायदा झाला. सरकारी साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ स्त्री वा पुरुष असल्याच्या कारणाने कोणालाही वगळता येणार नाही, असे त्याच्या नवव्या प्रकरणात म्हटले होते. हा कायदा घडविण्यात पॅट्सी मिंक व एडिथ ग्रीन या दोन स्त्री लोकप्रतिनिधींनी पुढाकार घेतला होता. मौज अशी, की त्या प्रकरणाच्या मूळ विधानात खेळ हा शब्दही नव्हता. परंतु मैदान हाही शाळेचाच एक वर्ग आहे, हे पुढे मान्य झाले आणि वर्षानुवर्षे बंद असलेली दारे हळूहळू उघडली. आज तेथील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीस लाखांहून अधिक आहेत. महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा सध्याच्या संघटनेने १९८२ साली प्रथम भरविली. मिया हॅमचा जन्म १९७२ चा. कायदा आणि ती, दोघे बरोबरीनेच वाढले असे म्हणावयास हरकत नाही.

आता अशा एका वसंताची हकीकत ऐका, की जो इतर वसंतांसारखा नव्हता.

२०२० साली कोरोना विषाणूची साथ जगभर पसरली. १२ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या त्या मोसमातील उरलेल्या सर्व राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या. वसतिगृहे ओस पडली. मुली आपापल्या घरी गेल्या आणि अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला एकट्याने चेंडूशी खेळू लागल्या. शरद जवळ आला, पण साथ हटली नाही. ऑगस्टमध्ये असे ठरले, की शरदातील राष्ट्रीय स्पर्धा आता वसंतात घ्यावी. चौथ्या वर्षातील मुलींच्या पुढे मोठा पेच पडला. स्पर्धा खरोखर होईल का? की न खेळताच आपला काळ संपणार? खेळाडूंना खेळण्यासाठी एक वर्ष वाढवून देण्यात आले खरे; परंतु वाढीव वर्ष महाविद्यालयात राहणे प्रत्येकीला शक्य होते असे नाही.

काही विभागांतील संघांनी त्या शरदातही काही सामने खेळून घेतले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा बलाढ्य संघ त्यांपैकीच एक होता आणि त्याने आपल्या विभागाचे विजेतेपदही पटकावले. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील सांता क्लारा विद्यापीठाच्या विभागाने आपले सामने वसंतावर ढकलले होते. सांता क्लाराच्या मुलींना सारा शरद सामन्यावाचून काढावा लागला.

सांता क्लारा हे कॅलिफोर्नियातील एक जुने विद्यापीठ होय. त्याची स्थापना १८५१ साली झाली. जेरी स्मिथ हे १९८७ पासून तेथील मुलींच्या संघाला शिकवीत होते. २००१ साली या संघाने नॉर्थ कॅरोलायनाचा १-० असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते. त्यानंतर वीस वर्षे ते भाग्य पुन्हा लाभले नव्हते. याच विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी ब्रँडी चॅस्टेन हिने १९९९ च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टीच्या अखेरच्या फटक्याने जिंकून दिला होता. तो सामना पाहावयास ९०,१८५ प्रेक्षक जमले होते. सांता क्लाराच्या मैदानावर चेंडू खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ही कथा ठाऊक होती.

२०२१ चा वसंत उगवला. या खेपेस त्यातील प्रत्येक सामना मोजला जाणार होता. मात्र एरवीचा थाट नव्हता. खेळाडूंची वरचेवर वैद्यकीय तपासणी होई. एखाद्या संघात साथीचा शिरकाव झाला, की ठरलेला सामना पुढे ढकलावा लागे वा रद्द होई. प्रेक्षकांवर बंधने होती. राष्ट्रीय स्पर्धेसाठी नेहमीच्या ६४ ऐवजी ४८ संघच निवडण्यात आले आणि प्रवास टाळावा म्हणून सगळी स्पर्धा एकाच राज्यात, नॉर्थ कॅरोलायनात, एप्रिलच्या अखेरीस सुरू झाली. आपले घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पोचलेल्या सांता क्लाराच्या मुलींनी एकेक सामना जिंकीत उपान्त्य फेरी गाठली. तेथे त्यांच्यापुढे उभा होता तो यजमान राज्यातलाच, सर्वाधिक अजिंक्यपदे मिळविलेला नॉर्थ कॅरोलायनाचा संघ. सांता क्लाराने त्याला ३-१ असे नमविले.

अंतिम सामना १७ मे २०२१ रोजी केरी या गावी झाला. प्रतिस्पर्धी होता फ्लोरिडा स्टेट. त्या संघाने त्या मोसमात एकही पराभव पाहिला नव्हता. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात फ्लोरिडा स्टेटने आघाडी घेतली. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सॉकरमध्ये घड्याळ उलटे चालते. ४५ मिनिटांपासून ते शून्याकडे उतरत येते, आणि शून्य झाले की खेळ संपतो. मिनिटांमागून मिनिटे उतरू लागली. मागे पडलेल्या संघाला त्या आकड्यांकडे पाहणे किती जड जात असेल! पण सांता क्लाराच्या मुलींनी धीर सोडला नाही. अखेरची थोडी मिनिटे उरली असता केल्सी टर्नबो हिने चेंडू जाळ्यात धाडला आणि १-१ अशी बरोबरी झाली. दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव झाले. त्यांत जो प्रथम गोल करील तो जिंकला, असा तेव्हा नियम होता. कोणीच गोल करू शकले नाही.

मग पेनल्टीचे फटके आले. बारा यार्डांवर ठेवलेला चेंडू, समोर एकटी गोलरक्षक आणि मारणारीही एकटीच. त्या क्षणी शिट्टीचा आवाज आणि स्वतःचा श्वास यांवाचून दुसरे काही ऐकू येत नाही, असे खेळाडू सांगतात. असा फटका साधतो तो त्या क्षणीच्या हिकमतीने नव्हे. कोणी पाहत नसताना शेकडो वेळा त्याच जागेवरून मारलेल्या चेंडूंचे ते संचित असते. सांता क्लाराने फटक्यांची ही झुंज ४-१ अशी जिंकली. वीस वर्षांनी अजिंक्यपद पुन्हा त्यांच्या घरी आले. एरवी ज्याची गणना होत नाही, त्या वसंतातच ते आले.

फ्लोरिडा स्टेटच्या मुलींच्या मनाला किती यातना झाल्या असतील, याची कल्पना सहज करता येते. सामन्यात त्या हरल्या नव्हत्या. नऊ-अकरा पावलांच्या अंतराने अजिंक्यपद निसटले होते. पण पुढील मोसमाची तयारी करावयास त्यांना इतर वेळेपेक्षा फारच थोडे दिवस होते. त्यांनी ते वाया घालविले नाहीत. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी पुढचा अंतिम सामना झाला, आणि योगायोग असा, की तो भरला होता सांता क्लारा विद्यापीठाच्याच क्रीडांगणावर. फ्लोरिडा स्टेटची गाठ ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी पडली. याही वेळी निर्णय पेनल्टीवर गेला आणि या वेळी फ्लोरिडा स्टेटने तो ४-३ असा जिंकला. ज्या फटक्यांनी मे महिन्यात डोळ्यांत पाणी आणले, त्याच फटक्यांनी डिसेंबरात त्यांच्या हाती चषक दिला. या दोन फटक्यांच्या मध्ये सात महिन्यांचा अभ्यास उभा होता.

त्यानंतर वसंत पुन्हा आपल्या जुन्या वळणावर गेला. आजही जानेवारीत त्या खोल्यांतील काही खुंट्या रिकाम्या असतात, एप्रिलात मोजके सामने होतात आणि त्यांचे निकाल अजिंक्यपदाच्या वहीत चढत नाहीत. शेतकऱ्याला विचारले, तर तो सांगेल, की पिकाचे माप खळ्यावर होते, नांगरटीचे माप कोणी काढीत नाही. म्हणून नांगरट सोडली, तर खळ्यावर मापावयास काही उरणार नाही. आपली शाळाही याला अपवाद नाही. परीक्षेचे गुण प्रगतिपुस्तकात लिहिले जातात. पहाटे उठून केलेले पाठांतर, खोडून पुन्हा मांडलेले गणित, मागे पडलेल्या सोबत्याला समजावून दिलेला धडा, यांचा रकाना त्या पुस्तकात नसतो. फलकावर आकडा चढतो तो एका दिवसाचा. तो चढविणारे हात मात्र न मोजलेल्या दिवसांतच तयार होत असतात.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकेत आपल्या फुटबॉलला काय म्हणतात, व का?
(आ) वसंतातील सामन्यांचे निकाल कशासाठी धरले जात नाहीत?
(इ) १९७२ च्या कायद्याने कोणती गोष्ट मना केली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘चुकण्याची मोकळीक हीच या मोसमाची श्रीमंती होय’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
(आ) जखमी मुलीचा वसंत सर्वांहून खडतर असतो, असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) २०२१ चा वसंत इतर वसंतांहून कोणत्या बाबतींत निराळा होता?

३. सांता क्लारा व फ्लोरिडा स्टेट यांच्यातील अंतिम सामन्याचे वर्णन पराभूत संघातील एका खेळाडूच्या भूमिकेतून दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : धीर सोडणे, पेच पडणे, हातचा जाणे, दमछाक होणे.

५. तुमच्या गावातील किंवा शाळेतील ज्याची कोठेही नोंद होत नाही, अशा एखाद्या परिश्रमाची माहिती मिळवून एक परिच्छेद लिहा.